मी हात ठेवतो, तू तोंड उघड

"मी हात ठेवतो, तू तोंड उघड."

मोठी माय एवढेच म्हणायची. म्हणण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर खसाखसा घासायची, तंबाखूची भुकटी लुगड्याला पुसायची आणि समोरच्या बाईचे जे काही दुखत असेल, खांदा, पाठ, पोट, त्यावर हात टेकवायची. दाबायची नाही, चोळायची नाही, मंत्र पुटपुटायची नाही. नुसते हात. आमच्या झाडीपट्टीत बायाही 'ठेवतो', 'जातो' असेच बोलतात, तेव्हा त्यात चकित होण्यासारखे काही नाही. खरी गंमत पुढे आहे.

परवा आमच्या शेजारच्या बाईंनी रेकीचा वर्ग पुरा केला. भिंतीवर प्रमाणपत्र लावले आहे. मनात साठलेले दुःख शरीरात आजार होऊन बसते आणि हातांतून ऊर्जा देऊन ते बाहेर काढता येते, असे त्यांनी मला तासभर समजावून सांगितले. मी म्हणालो, "हे मला ठाऊक आहे." त्यांनी विचारले, "तुम्ही कुठे केलात वर्ग?" मी म्हणालो, "सौंदडला. बिडीच्या शेडमध्ये." म्हातारा थट्टा करतो असे वाटून त्या हसल्या. मला मात्र राग आला. का आला ते सांगण्यासाठी हे लिहायला बसलो आहे.

स्वातंत्र्याला पाच-सहा वर्षे झाली असतील. तेव्हा आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदियाच्या एका बिडी कारखान्याची शाखा सौंदडला, स्टेशनच्या अलीकडे होती. लांबलचक कौलारू शेड, त्यात चाळीसेक बाया ओळीने बसलेल्या, प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात भिजवून कापलेली तेंदूची पाने आणि तंबाखू. मी तिथला मुन्शी. वय चोवीस, मॅट्रिक नापास, अंगात पांढरा सदरा. संध्याकाळी बाया बिड्या घेऊन माझ्या टेबलापुढे उभ्या राहत. मी मूठभर उचलून बोटांनी दाबून बघायचो. सैल निघाली, तोंड नीट मुडपलेले नसले, की तिथल्या तिथे तिच्या डोळ्यांदेखत मोडायची. याला छाट म्हणत. मोडायलाच हवी असा कारखान्याचा नियम होता, नाहीतर बाई तीच बिडी उद्याच्या ढिगात पुन्हा आणेल असा मालकांचा समज. मी हा नियम फार मन लावून पाळत असे. खोटे कशाला सांगू, मला त्यात मजा यायची.

मोठी माय खिडकीजवळ बसायची. पन्नाशीची, रुंद, काळीसावळी, आवाज घोगरा. माहेर नवेगाव बांधचे, तळ्यात मासोळ्या धरणाऱ्यांच्या घरातले. बाया तिला मोठी माय म्हणत. खरे नाव मी लिहीत नाही. स्वतःचे नाव कागदावर आलेले तिला कधीच आवडले नाही, हे पुढे कळेलच.

दुपारी भाकरी खाऊन झाली की तिच्यापुढे एखादी बाई येऊन बसे. एकीची मान सहा महिने वळत नव्हती. मोठी मायने मानेवर हात ठेवला. किती वेळ? चांगला पाव तास. मग विचारले, "कोणाकडे नाही पाहाचं म्हणून मान धरून ठेवली वो?" बाई आधी चिडली, मग रडली, मग जावेचे सारे पुराण निघाले. दोघी एकाच अंगणात राहून दोन वर्षे बोलल्या नव्हत्या. आठवड्याभरात मान वळली. जावेशी बोलणे झाले की नाही, ते मला माहीत नाही.

सगळ्या बऱ्या होत असे मी म्हणणार नाही. ताप असला की ती हातही लावत नसे. "ताप हाय. दवाखान्यात जाय. माहा हात तापासाठी नोहे," म्हणून हाकलून द्यायची. एकीच्या पोटात गाठ लागली तर तिला स्वतः बैलगाडीत बसवून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली होती.

एकदा एका बाईने तिच्यापुढे नारळ आणि उदबत्ती आणून ठेवली आणि वाकून पायावर डोके टेकले. मोठी मायने नारळ उचलला, उंबऱ्यावर आपटून फोडला आणि खोबरे साऱ्या शेडभर वाटले. मलाही एक तुकडा आला. त्या बाईला म्हणाली, "नारळ खोबऱ्यासाठी अस्ते. मी काय देवी होय? देवीले बिड्या वळा लागत नाही." उदबत्ती तिने माझ्या टेबलावर आणून ठेवली. "मुन्शी, तू लाव. तुले देव होण्याची हौस हाय."

असे तिचे बोलणे. मी मनातल्या मनात जळायचो. पण तिच्या बिडीत खोट सापडत नसे, म्हणून काही करता येत नसे.

माझे पोट तेव्हा सारखे दुखायचे. संध्याकाळी छाट आटोपली की बेंबीच्या वर आग सुटे. दवाखान्याचे गुलाबी औषध बाटल्यांनी पिऊन झाले होते. एक दिवस मला पोट धरून बसलेले तिने पाहिले आणि येऊन म्हणाली, "हात ठेवू काय गा?"

"नको. तिखट जास्त झालं."

"तिखट नोहे. तू दिसभर दुसऱ्याचं मोडतं. कोणाले इचारत नाही, काऊन सैल झाली, काऊन वाकडी झाली. ते सारं पोटात जाऊन बसून राहिलं."

"मग काय छाट बंद करू?"

"बंद कर म्हणून कोण म्हणते? आधी इचार. मंग मोड."

मी तिला जागेवर जायला सांगितले. त्या रात्री जेवलो नाही, ही गोष्ट वेगळी.

आता सेवंताचे सांगतो. ती विशीतली, मोठी मायच्या शेजारी बसायची. नवरा रेल्वेच्या कामावर गेला तो परतलाच नव्हता. घरी आंधळा सासरा, आणि चूल चालायची ती तिच्या बिड्यांवर. मध्ये आठवडाभर ती आली नव्हती. आली त्या संध्याकाळी तिचा ढीग पाहिला तर अर्ध्या बिड्या सैल. मी एक मोडली, दोन मोडल्या, दहा मोडल्या. मग मी सगळा ढीग दोन्ही हातांनी चुरगाळला आणि साऱ्यांना ऐकू जाईल असे विचारले, "मन कुठे ठेवून आलीस?"

ती समोर उभी राहिली. ओठ हलले, शब्द निघाला नाही. मग तिने सूप उचलले आणि गेली. चाळीस बाया माझ्याकडे पाहत होत्या. मला वाटले, जरब बसली.

दुसऱ्या दिवशी तिच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे वळेनात. ताठ, काठीगत. बिडी वळणाऱ्याची सारी कमाई त्याच तीन बोटांत असते. मला ते सोंग वाटले. पण तिसऱ्या दिवशीही तेच. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात उलटासुलटा करून पाहिला, हाडात काही नाही म्हणाले, तेल चोळायला दिले. बोटे तशीच.

कारखान्याचा आणखी एक नियम होता. सलग पंधरा दिवस जिच्या बिड्या आल्या नाहीत तिचे नाव यादीतून कमी. नाव कापायला गोंदियाहून मालकांचे मुनीमजी येत. एकदा नाव कापले की जागा दुसरीला जाई, आणि रांगेत पन्नासजणी उभ्या असत. सेवंता रोज यायची, सूप मांडीवर घेऊन डाव्या हाताने पाने चाचपत बसायची. दिवस जात होते.

मोठी माय दर दुपारी तिचा ताठ हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन बसे. "मी हात ठेवतो, तू तोंड उघड." सेवंता तोंड उघडायची नाही. बाया दमल्या, म्हणाल्या, सोड, नाही व्हायचं. मोठी माय म्हणाली, "आमच्या तळ्यात मासोळी हातानं धरताना हात पाण्यात ठेवाचा आन् चूप राहाचं. घाई केली का गेली. मी काही इथून उठत नाही."

बाराव्या दिवशी ती उठली आणि तडक माझ्या टेबलाशी आली.

"मुन्शी, सेवंतानं तोंड उघडलं."

"बरं झालं. काय म्हणाली?"

"म्हणाली, मुन्शीनं इचारलं मन कोठं हाय. सांगाले पायजे होतं, सांगता नाही आलं."

"मग?"

"तिचं तीन महिन्याचं लेकरू गेलं होतं गा. मातीत ठेवून आली होती. आठव्या दिवशी कामावर आली, तं तू इचारलं, मन कोठं ठेवून आली."

साऱ्या शेडला ठाऊक होते, एकट्या मला नव्हते. मुन्शीला कोणी काही सांगत नसे, कारण मुन्शी काही विचारत नसे. मला लाज वाटली, इतकी की मान वर करवेना. पण वय चोवीस आणि अंगात पांढरा सदरा. मी म्हणालो, "मला माहीत नव्हतं. पण बिड्या सैल होत्या हे तर खरं ना?"

मोठी माय म्हणाली, "पाच वरसं झाली तू मोडून राहिला. एक तरी वळली काय?"

"त्यात काय मोठं आहे?"

बोललो आणि फसलो. हजारो बिड्या रोज या बोटांखालून जात होत्या. चांगली कोणती, वाईट कोणती, मी डोळे मिटून सांगू शकत होतो. तेव्हा वळता येणारच, असे मी खरोखरच धरून चाललो होतो. अशी चूक बिडीच्या मुन्शीशिवाय दुसरे कोणी करणार नाही.

"तं मंग वळ," ती म्हणाली. "आन् छाट सेवंता करन."

सगळ्या शेडमध्ये पाने कापणाऱ्या कैच्या थांबल्या. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मोठी मायने सेवंताला दंडाला धरून माझ्या खुर्चीत बसवले आणि तिच्यामागे उभी राहिली. मी सेवंताच्या जागेवर मांडी घातली, सूप मांडीवर घेतले.

पहिले पान फाटले. दुसऱ्यात तंबाखू भरला तो दोन्हीकडून सांडला. तिसरी बिडी वळली, पण दोरा बांधताना उलगडली. शेजारची म्हातारी दात नसलेल्या तोंडाने हसू लागली आणि मग साऱ्याच हसू लागल्या. घामाने माझा सदरा पाठीला चिकटला. अर्ध्या तासात सात बिड्या झाल्या. एक पोटुशी, एक वाकडी, बाकीच्यांबद्दल न बोललेले बरे. सूप घेऊन मी टेबलापुढे जाऊन उभा राहिलो. तिथे उभे राहिल्यावर टेबल किती उंच दिसते हे मला त्या दिवशी कळले.

सेवंताने डावा हात पुढे केला. मोठी मायने तळवे घासले आणि तिच्या दोन्ही खांद्यांवर ठेवले. "त्या हातानं नको. दुसऱ्या."

सेवंताने ताठ बोटांनी पहिली बिडी कशीबशी उचलली. ती तिथेच उलगडली. कोणी हसले नाही. तिने माझ्याकडे पाहिले. पाच वर्षांत तिने माझ्याकडे सरळ कधी पाहिले नव्हते.

"मुन्शीजी," ती म्हणाली, "मन कोठं ठेवून आले?"

हसण्यावारी नेता आले असते. पण नेले नाही. मी म्हणालो, "तुझं लेकरू गेलेलं मला माहीत नव्हतं सेवंता. मी विचारायला पाहिजे होतं. न विचारता मोडलं. चुकलो."

तिने दुसरी बिडी घेतली आणि मोडली. तिसरी मोडली. अंगठा वळत होता, बोटे वळत होती, तिला ते कळलेही नसावे. ती मोठ्याने रडत होती आणि मोडत होती. सातही संपल्या तेव्हा तंबाखूची भुकटी धरून तिची मूठ घट्ट मिटलेली होती. मोठी मायने ती मूठ वर करून साऱ्या शेडला दाखवली.

तुम्ही म्हणाल, हा योगायोग. बाराव्या दिवशी तेलाचा गुण आला असेल. म्हणा. डॉक्टर मंडळींकडे याला एखादे चांगले नाव असेल, तेही लावा. माझी हरकत नाही. मी तिथे उभा होतो एवढेच मी सांगतो.

आणि नेमके तेव्हाच दारातून आवाज आला, "यह क्या तमाशा चल रहा है?"

मुनीमजी. तीन दिवस आधीच नॅरोगेजच्या लहान गाडीने उतरले होते. खुर्चीत बिडीवाली, मुन्शी सूप घेऊन उभा, असे दृश्य त्यांनी जन्मात पाहिले नसेल.

"इलाज चालू हाय," मोठी माय म्हणाली.

"किसका?"

सेवंता उठली. माझ्या हातातले सूप घेतले, आपल्या जागेवर जाऊन बसली आणि वळू लागली. सावकाश वळली, पण वळली. मुनीमजींनी ती बिडी घेतली, दाबली, उजेडात धरली, खोट शोधली. सापडली नाही. तिचे नाव कापायला त्यांच्यापाशी आता कारण उरले नव्हते, आणि आल्या पावली कोणाचे तरी नाव कापल्याशिवाय मुनीमजींना चैन पडणार नव्हते.

"यह बुढ़िया जादू-टोना करती है," ते मला म्हणाले. "लिखो. आज के बाद कारखाने में किसी को हाथ नहीं लगाएगी. अंगूठा लो इसका."

मी टेबलाशी जाऊन कागद पुढे ओढला. लिहायला लागलोही. सांगताना आज लाज वाटते, पण लागलो. तिच्या नावासकट दोन ओळी झाल्यावर शाई तिच्यापुढे सरकवली.

तिने शाईकडे पाहिले. "हा अंगठा बिडीवर लागते, कागदावर नाही. हात माहे होत. कोठं ठेवाचे ते मी पाहीन."

"तो निकल जाओ."

"जातो ना. कायले ओरडून राहिला?"

तिने आपली कैची कमरेला खोचली, दाराकडे निघाली आणि मध्येच माझ्याकडे वळली. दोन्ही तळवे घासले. साऱ्यांसमोर, मुनीमजींसमोर, तिने ते माझ्या पोटावर ठेवले, बरोबर बेंबीच्या वर, जिथे आग सुटत असे. हात गरम होते. काबाडकष्टाने खरखरीत झालेले, तंबाखूच्या वासाचे.

"आता तू तोंड उघड," ती म्हणाली.

मग माझे तोंड उघडले. आवाज चिरका निघाला, पण निघाला. "मुनीमजी, जादू नहीं है. मैंने इस लड़की का माल बिना पूछे तोड़ा था. गलती मेरी है. यह कागज़ मैं नहीं लिखूँगा." आणि कागद मोडून, बिडी मोडतो तसा, टेबलावर टाकला.

त्या दिवशी आम्ही दोघेही शेडबाहेर पडलो. स्टेशनपर्यंत बरोबर चाललो. मी पुढच्या पोटापाण्याच्या काळजीने सुन्न. ती मात्र मजेत. म्हणाली, "मुन्शी, तुह्या बिड्या लय बेकार होत्या गा." सदऱ्यावर, पोटापाशी, तिचे दोन तपकिरी पंजे उमटले होते. मी ते झाकले नाहीत. गाडीत लोक पाहत होते, पाहू दिले.

माझे पोट लगेच बरे झाले असे काही नाही. पुढेही औषधे घेतली. पण संध्याकाळची ती आग पुन्हा कधी आली नाही. मी गोंदियाला धानाच्या मिलमध्ये लागलो. ती नवेगाव बांधला भावाकडे गेली असे कळले, मग लेकीकडे रायपूरच्या बाजूला गेली असे कळले, मग काहीच कळले नाही. दोनदा नवेगावला जाऊन चौकशी केली. तळ्याच्या पाळीवर एक म्हातारा भेटला, म्हणाला, "ते? ते कोणाचं ऐकत नव्हती." तेवढीच तिची खबर.

पाच-सहा वर्षांनी धानाच्या कामाने सौंदडला उतरलो. पाय आपोआप शेडकडे वळले. छाटेची वेळ होती. दारातून पाहिले, टेबलाशी नवा मुन्शी, माझ्याच वयाचा, तसाच पांढरा सदरा. पुढे एक घाबरलेली पोरगी. तिच्यामागे सेवंता उभी होती, आता अंगाने भरलेली. खिडकीजवळची मोठी मायची जागा मोकळीच होती. एवढ्या दाटीत तिथे सूप टेकवलेले नव्हते.

मुन्शीने पोरीच्या ढिगातली एक बिडी उचलली, दाबली, मोडायला दोन्ही हात जवळ आणले. सेवंताने मागून हात लांबवला आणि त्याचे मनगट धरले. उजव्या हाताने. अंगठा आणि दोन्ही बोटे घट्ट आवळलेली.

"आधी इचारा, मुन्शीजी," ती म्हणाली. "मंग मोडा."